देवी शरीराला आठवते, हत्तीपाय का आठवत नाही?

मागच्या भागात रक्ताभिसरण झालं, आज प्रतिकारसंस्था घेऊ. या विषयावरचे बहुतेक व्हिडिओ किल्ल्याच्या गोष्टीने सुरू होतात. शरीर म्हणजे गड, जंतू म्हणजे गनीम आणि पांढऱ्या पेशी म्हणजे मावळे. मला ही गोष्ट फारशी पटत नाही. ती ऐकून असं वाटतं की फौज जितकी मोठी तितकं बरं, आणि मग माणूस 'इम्युनिटी वाढवणारं' चूर्ण आणायला बाजारात जातो.

लग्नानंतर मी तंजावरला आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. इथे शरीरक्रियाशास्त्र शिकवताना मला गडापेक्षा दोन आजार जास्त उपयोगी पडले. एक देवी, जो जगातून गेला. दुसरा हत्तीरोग, ज्याला आपण हत्तीपाय म्हणतो आणि तमिळमध्ये यानैक्काल म्हणतात. शब्दाचा अर्थ तोच, हत्तीचा पाय. कावेरीच्या या खोऱ्यात, विशेषतः कुंभकोणमच्या बाजूला, हा आजार इतका मुरलेला होता की गावाच्या नावाबरोबर त्याचं नाव निघायचं.

आता कोडं बघा. देवीतून जो वाचला, त्याला सहसा पुन्हा आयुष्यभर देवी येत नसत. हत्तीरोगाचा जंत मात्र माणसाच्या अंगात पाच-सात वर्षं, कधी त्याहूनही जास्त, सुखाने नांदतो. तो मेला की दुसऱ्याला जागा होते. माणूस तोच, पेशी त्याच, अवयव तेच. मग एका आजाराची पक्की आठवण आणि दुसऱ्याकडे काणाडोळा, हे कसं? याचं उत्तर शोधता शोधता सगळी प्रतिकारसंस्था पाहून होते.

सुरुवात हाडांपासून. या संस्थेच्या जवळजवळ सगळ्या पेशी अस्थिमज्जेत, म्हणजे बोन मॅरोमध्ये जन्मतात. मोठ्या माणसात मुख्यतः कमरेची हाडं, मणके, बरगड्या आणि छातीचं मधलं हाड इथे हे काम चालतं. त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी रोज सुमारे १०० अब्ज तयार होतात. त्या रक्तात काही तास, फार तर एखादा दिवस टिकतात. पायात काटा मोडला की पहिल्यांदा त्याच धावतात, जंतू गिळतात आणि मरतात. जखमेतला पू म्हणजे बराचसा त्यांचाच खच. त्यांच्या मागून येतात महाभक्षी पेशी, मॅक्रोफेज. या जास्त जगतात आणि मेलेल्या न्यूट्रोफिलसकट सगळं साफ करतात. पेशी जंतूंना गिळतात ही कल्पना मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये मांडली. त्याने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात गुलाबाचा काटा टोचला आणि सकाळी काट्याभोवती पेशी जमलेल्या पाहिल्या. काट्याचं उदाहरण मी उगाच घेतलं नाही.

हे सगळे झाले ताबडतोब धावणारे. ते कुठल्याही जंतूवर धावतात आणि नेमका कोण आला होता, हे बहुधा विसरून जातात. लक्षात ठेवण्याचं काम लिम्फोसाइट पेशींचं. त्यांच्या दोन मुख्य जाती, बी आणि टी. बी पेशी मज्जेतच बऱ्याचशा तयार होतात. टी पेशी शिकायला थायमसमध्ये जातात. हा अवयव छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वर असतो. लहानपणी तो चांगला मोठा असतो आणि वयात आल्यावर आक्रसत जातो. तो कशाला आहे हे जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये दाखवेपर्यंत कोणाला धड माहीत नव्हतं. इथली परीक्षा फार कडक असते. जी पेशी आपल्याच शरीराच्या प्रथिनांवर उठते, ती तिथेच मारली जाते. शंभरातल्या दोन-चारच बाहेर पडतात. म्हणजे या संस्थेचा पहिला धडा हल्ल्याचा नसून आवरण्याचा आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तंजावरच्या शेतांकडे येऊ. इथे भाताच्या खाचरांना दोन प्रकारचे पाट असतात. पाणी आणतो तो वाय्क्काल आणि जास्तीचं पाणी वाहून नेतो तो वडिकाल. तमिळमध्ये 'काल' म्हणजे पाय, आणि पाण्याच्या पाटाच्या नावातही तोच शब्द आहे. वडिकाल तुंबला तर भात कुजतो, हे इथल्या शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही.

शरीरात रक्तवाहिन्या म्हणजे वाय्क्काल. त्यांच्यातून रोज काही लिटर द्रव पेशींच्या मधल्या जागेत झिरपतो आणि रक्तात थेट परतत नाही. तो उचलण्यासाठी वेगळ्या, बारीक, पातळ भिंतींच्या नळ्या आहेत, त्या लसिकावाहिन्या. हे आपलं वडिकाल. पायाच्या बोटांपासून निघालेली लसिका जांघेतून, पोटातून वर येते आणि मानेच्या मुळाशी परत रक्तात मिसळते. वाटेत ठिकठिकाणी घेवड्याच्या दाण्यासारख्या गाठी लागतात. या लसिकाग्रंथी अंगभर मिळून पाचशे ते आठशे असतात. काखेत, जांघेत, मानेत त्या जास्त दाटीने आहेत.

पायाला जखम झाली की जांघेत गोळा येतो. आपल्याकडे त्याला अवधाण म्हणतात. आजी म्हणायची, 'पाय दुखावला की जांघेला कळतं.' अगदी बरोबर. त्वचेत शाखा पसरून बसलेल्या डेंड्रायटिक पेशी असतात. त्वचेतल्या या पेशी लांगरहान्स या विद्यार्थ्याने १८६८ मध्येच पाहिल्या होत्या, पण त्याला त्या मज्जातंतूंच्या वाटल्या. त्यांच्या जातकुळीचं खरं काम राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ पासून पुढे उलगडलं. त्यांना २०११ चं नोबेल जाहीर झालं, तेव्हा त्यांचं निधन होऊन तीन दिवस झाले होते. जंतू सापडला की डेंड्रायटिक पेशी त्याचा तुकडा घेऊन लसिकावाहिनीत शिरते आणि साधारण दिवसभरात जवळच्या ग्रंथीत पोहोचते. तिथे हजारो टी पेशी येत-जात असतात. हा विशिष्ट तुकडा ओळखणारी टी पेशी लाखात एखादी. ती भेटली की थांबते आणि एकीच्या दोन, दोनाच्या चार अशी आठवडाभर वाढत राहते. बी पेशीही जाग्या होतात आणि अँटीबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं बनवू लागतात. अवधाण म्हणजे ही गर्दी.

म्हणून मी प्रतिकारसंस्थेला गड म्हणण्यापेक्षा पाटांचं जाळं म्हणते. पाट वाहता असेल तर निरोप पोहोचतो. प्लीहा, टॉन्सिल आणि आतड्याच्या भिंतीतल्या ग्रंथी हेही असेच भेटीचे अड्डे आहेत. टॉन्सिल घशाशी पहारा देतात. प्लीहा रक्त गाळते आणि जुन्या तांबड्या पेशी मोडीत काढते. जुन्या मराठीत तिला पाणथरी म्हणत. हिवतापात ती वाढते हे वैद्यांना माहीत होतं. या तिघांवर आज एवढंच.

आता देवी. आजार आणि देवता यांना एकच नाव देणारे आपण एकटे नाही. तमिळमध्ये या तऱ्हेच्या आजाराला अम्मै म्हणतात, म्हणजे आई, आणि अंगावरच्या फोडांना मुत्तु, म्हणजे मोती. तंजावरच्या पूर्वेला पुन्नैनल्लूरला मारिअम्मनचं देऊळ आहे. परंपरेने ते तंजावरच्या मराठी गादीचे संस्थापक व्यंकोजीराजे यांच्याशी जोडलं जातं. मूळ मूर्ती वारुळाच्या मातीची, म्हणून तिला पाण्याचा अभिषेक होत नाही, तेलाचा लेप देतात. तुळजाराजांच्या मुलीची देवीच्या आजारात दृष्टी गेली आणि ती इथे परत आली, अशी कथा सांगतात. दृष्टी परत येण्याची गोष्ट बाजूला ठेवू, पण देवीने डोळे जात हे खरंच होतं.

विषाणू अंगात शिरल्यापासून ताप येईपर्यंत साधारण बारा दिवस जात. तेवढ्या वेळात शरीराला आपली लाखातली एक पेशी शोधून वाढवायची असे. ही शर्यत पुष्कळ जण हरत. जे जिंकत, त्यांच्या अंगात दोन गोष्टी मागे राहत. एक, स्मृतिपेशी, ज्या ग्रंथींमधून आणि प्लीहेतून फिरत राहतात. दुसरी, प्रतिपिंडं बनवणाऱ्या काही दीर्घायुषी पेशी, ज्या परत अस्थिमज्जेत जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं थोडी थोडी प्रतिपिंडं रक्तात सोडतात. म्हणजे मज्जा ही बाळंतिणीची खोलीही आहे आणि दप्तरखानाही. इथल्या सरस्वती महालात मोडी कागदांचे गठ्ठे जसे जपून ठेवलेत, तसा हा शरीराचा जुना पत्रव्यवहार.

लसीने हेच काम खोट्या देवीकडून करून घेतलं. हिंदुस्थानात पहिली यशस्वी लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. लस बगदाद, बसरा करत आली होती. तिच्या दंडावरच्या फोडातून पुढच्यांना, त्यांच्याकडून आणखी पुढच्यांना, अशी हातोहात ती देशभर गेली. त्या वेळी तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजीराजे होते. राज्यकारभार १७९९ च्या तहाने कंपनीकडे गेला होता. राजांनी आपलं लक्ष ग्रंथांकडे आणि धन्वंतरी महालाकडे वळवलं. तिथे देशी आणि युरोपीय दोन्ही वैद्यक चाले. नेत्ररोग्यांच्या चित्रांसकट केलेल्या तिथल्या नोंदी आजही आहेत. मला त्यात सगळ्यात आवडतं ते हे की प्रत्येक रोग्याची हकीकत लिहून ठेवली जाई. स्मृतिपेशीसुद्धा दुसरं काय करते?

ही आठवण किती टिकते? २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, देवीची लस घेऊन ७५ वर्षांपर्यंत काळ लोटलेल्या लोकांमध्येही प्रतिपिंडं सापडली. भारतातला शेवटचा रोगी १९७५ च्या मे महिन्यात नोंदला गेला आणि ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त जाहीर झालं. तुमच्या घरात पन्नाशी-साठीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांच्या हातावर तो व्रण असेल. आजार गेला, पण मज्जेतल्या पेशी अजून त्याची वाट पाहत बसल्या आहेत.

मग हत्तीरोगाचं काय बिघडलं? हा विषाणू नाही, जंत आहे. मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब, दोऱ्यासारखी. राहायला तिने जागा निवडली ती नेमकी लसिकावाहिनी. म्हणजे ज्या पाटातून तक्रारीचे निरोप जातात, त्याच पाटात बिऱ्हाड. तिथून ती लाखो सूक्ष्म पिल्लं रक्तात सोडते. ही पिल्लं दिवसा फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांत थांबतात आणि साधारण रात्री दहा ते दोनमध्ये कातडीजवळच्या रक्तात येतात, कारण गटाराच्या साठलेल्या पाण्यात वाढणारा क्यूलेक्स डास त्याच वेळी चावतो. म्हणूनच या आजाराची तपासणी करणारे आरोग्य कर्मचारी रात्री दार वाजवतात. लोक वैतागतात, पण दुपारच्या रक्तात पिल्लं दिसतच नाहीत. हत्तीपाय साठलेल्या पाण्याच्या प्रदेशात होतो हे सुश्रुतसंहितेतही नोंदलेलं आहे. डासाचा दुवा मात्र १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी शोधला.

एवढा मोठा प्राणी पेशींना दिसत नाही असं नाही. त्यांना तो दिसतो. जंतांसाठी इओसिनोफिल नावाच्या खास पेशी आहेत, प्रतिपिंडंही बनतात. पण जंत आपल्या स्रावांनी नियामक टी पेशींना हाताशी धरतो. या पेशींचं कामच इतरांना शांत करणं. त्यांची ओळख शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये पटवली आणि या कामाला २०२५ चं नोबेल मिळालं. थायमसमध्ये शिकलेला आवरण्याचा धडा आठवला ना? तो धडा आपल्याच शरीराला वाचवायला होता. जंत त्याच धड्याचा फायदा घेतो. गरोदरपणी आईला लागण असेल तर मुलाचं शरीरही पुढे या जंताकडे नरमाईने पाहतं, असं अभ्यासांत दिसलं आहे.

शरीर मूर्ख आहे का? मला तसं वाटत नाही. काही थोड्यांचं शरीर या पिल्लांना अजिबात सोसत नाही. फुप्फुसात आलेल्या प्रत्येक पिल्लावर इओसिनोफिल तुटून पडतात. मग रात्री-रात्री कोरडा खोकला, धाप, दम्यासारखी घरघर. रक्तात पिल्लू एकही सापडत नाही आणि फुप्फुसं मात्र खराब होत जातात. या आजाराला ट्रॉपिकल इओसिनोफिलिया हे नाव १९४३ मध्ये भारतातल्याच रुग्णांवरून पडलं. तिथे जी 'इम्युनिटी' वाढलेली असते, तीच रोग्याला आजारी पाडते. जंताला मारणं महागात पडणार असेल तर त्याच्याशी जुळवून घेणं, हा शरीराचा हिशेब आहे. चूर्णवाल्यांना हा हिशेब सांगून बघा.

पण या जुळवून घेण्याची किंमत पाय देतो. आमच्या नात्यात एक आत्या होत्या. नऊवारी कायम घोट्याखाली, लग्नकार्यात त्या खांबाआड बसायच्या. वर्षातून पाच-सहा वेळा थंडी वाजून ताप भरायचा, पाय लाल व्हायचा, आणि ताप उतरल्यावर सूज आधीपेक्षा थोडी जास्त उरायची. घरात सगळ्यांची समजूत अशी की जंत 'उठतो'. बहुतेक वेळा तसं नसतं. जंताच्या मुक्कामाने लसिकावाहिनी सैल पडून फुगते, तिच्या झडपा निकामी होतात. वडिकाल तुंबला. आता पायात नेहमीचे, तुमच्या-माझ्या त्वचेवरचे जिवाणू बोटांच्या बेचक्यातल्या भेगेतून शिरले तरी डेंड्रायटिक पेशींचा निरोप वेळेवर ग्रंथीत जात नाही, द्रव साठलेला, जिवाणूंना मोकळं रान. प्रत्येक तापात उरलेल्या वाहिन्या आणखी खराब होतात, त्वचा जाड होते, नव्या भेगा पडतात. हत्तीचा पाय घडवण्यात जंताइतकाच या साध्या जिवाणूंचा हात असतो, हे गेल्या तीसेक वर्षांत ब्राझीलमधल्या रेसिफेपासून केरळातल्या आलप्पुळापर्यंतच्या डॉक्टरांनी दाखवलं.

म्हणून उपाय ऐकायला फार साधा वाटतो. रोज साबण आणि गार किंवा कोमट पाण्याने पाय धुवायचा. बोटांमधली प्रत्येक बेचकी हलक्या हाताने पूर्ण कोरडी करायची. भेग दिसली तर मलम. बसताना, झोपताना पाय उंचावर. घोट्यातून पाय हलवत राहायचा, कारण लसिकेला हृदयासारखा पंप नाही, स्नायूंची हालचालच तिला मोठ्या प्रमाणात ढकलते. मोकळी, न चावणारी चप्पल. ताप आला की तेल चोळायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. एवढ्याने तापाचे झटके पुष्कळ कमी होतात. आत्यांना हे सांगणारं त्या वेळी कोणी भेटलं नाही.

आणि गोळ्या. तमिळनाडूतल्या बहुतेक जिल्ह्यांत सामूहिक गोळ्या आता थांबल्या आहेत. पण हे ऐकणारे अनेक जण पूर्व विदर्भातले असतील, कलबुर्गी-बिदरकडचे असतील. तिथे अजून बऱ्याच ठिकाणी वर्षातून एकदा कर्मचारी घरी येतात आणि समोर गोळ्या खायला सांगतात. त्यात डीईसी आणि अल्बेंडाझोल असतं, काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन धरून तीन औषधं. 'मला काही झालेलं नाही, मी का खाऊ?' हा प्रश्न मला प्रत्येक व्याख्यानानंतर येतो. आतापर्यंत जे ऐकलंत त्यातच उत्तर आहे. ज्याच्या रक्तात पिल्लं आहेत, त्याचं शरीर बहुधा गप्प असतं. पाय सडपातळ, ताप नाही, तक्रार नाही, आणि रात्री डास त्याच्याकडूनच पिल्लं उचलतो.

डीईसीची गंमत अशी की बशीत ठेवलेल्या पिल्लांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. शरीरात मात्र काही तासांत त्यांची संख्या झपाट्याने खाली येते, यकृतातल्या महाभक्षी पेशी त्यांना पकडतात. म्हणजे गोळी काणाडोळा मोडते आणि उरलेलं काम आपल्याच पेशी करतात. त्या रात्री ताप, डोकेदुखी, अंगदुखी झाली तर ती बहुतेक मेलेल्या पिल्लांमुळे असते. अशा माणसाला गोळीची गरज होती, एवढाच त्याचा अर्थ. त्रास जास्त झाला तर आरोग्य केंद्रात जा. गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालची मुलं आणि गंभीर आजारी माणसं यांना या गोळ्या देत नाहीत. मोठा जंत मात्र एका डोसात सहसा मरत नाही, म्हणून दर वर्षी यावं लागतं, तो म्हातारा होऊन मरेपर्यंत. गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत, आणि कर्मचारी जाईपर्यंत गालात धरून ठेवायच्या नाहीत.